धार पडल्याची हाक

डीपी जळाली की पहिला प्रश्न ठरलेला: कोणी जाळली? गावकरी तेच विचारत, वरचे साहेब तेच विचारत आणि दुसऱ्या दिवशी पेपरवालाही तेच विचारी. विजेच्या खात्यात ज्युनिअर इंजिनियर म्हणून माझी सगळी नोकरी जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत गेली. तेवढ्या वर्षांत या प्रश्नाइतका मूर्ख प्रश्न मला दुसरा भेटला नाही. अंकाच्या संपादकांनी मला नोकरीतल्या गमतीजमती लिहायला सांगितल्या आहेत. गमती पुष्कळ आहेत. कोणाच्या मीटरच्या पेटीत पाल व्यालेली निघाली, तर कोणी थेट खात्याच्या खांबाला म्हैस बांधून ठेवली. पण लिहायला बसलं की हात त्या एकाच डीपीकडे वळतो आणि अजूनही डोकं तापतं, तेव्हा गमती राहू द्या.

ज्यांचा शेतीशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. डीपी म्हणजे शेताच्या बांधावर दोन खांबांच्या मध्ये बसवलेला ट्रान्सफॉर्मर. मोठ्या लाइनची वीज तो विहिरीवरच्या मोटारीला चालेल अशी करून देतो. एका डीपीवर वीसबावीस मोटारी असायच्या. चालू मोटार बेताने वीज खाते, पण बंद मोटार चालू होताना त्या क्षणापुरती पाच-सहा पट ओढते. एक-दोन मोटारी एका वेळी उठल्या तर डीपी ते सहज सोसते. सगळ्या एकदम उठल्या तर नाही सोसत. एवढंच शास्त्र आहे, यापेक्षा जास्त या गोष्टीला लागत नाही.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. फैजपूर-यावलच्या केळीच्या पट्ट्यातलं एक गाव माझ्या सेक्शनमध्ये होतं. तेव्हा शेतीला वीज पाळीने मिळे, आठ तास, आणि तीही कधी येईल याचा नेम नसे. लाइन आली की माणसानं विहिरीवर धावत जायचं आणि स्टार्टरचं हिरवं बटन दाबायचं. मग बाजारात ऑटो आला. ऑटो म्हणजे स्टार्टरला जोडायची एक लहानशी डबी. लाइन आली की ती आपणहून मोटार चालू करते, मालक घरी जेवत बसला तरी चालतं. पहिल्यांदा ज्यानं ती बसवली तो शहाणा ठरला, कारण इतर लोक पायात चपला सरकवत होते तोवर त्याचं पाणी केळीत पोचलेलं असे. मग शेजाऱ्यानं बसवली, मग त्याच्या शेजाऱ्यानं. वर्षभरात त्या डीपीवर सगळ्यांकडे ऑटो झाले, आणि कोणालाच त्याचा फायदा उरला नाही. उलट लाइन आली की त्याच क्षणी वीस मोटारी एकदम उठायला बघत. फ्यूज उडे. लोक फ्यूजमध्ये जाड तार घालत. जाड तार उडत नाही, म्हणून मग तिच्या वाटचं जळणं डीपी जळायची.

फक्त एकीकडे ऑटो नव्हता. इंदूअक्कांची विहीर लाइनच्या अगदी टोकाला, डीपीपासून सर्वांत लांब. अक्का चाळिशीच्या, सडसडीत, तोंडाने फटकळ. यजमान शिंदखेड्याच्या हायस्कुलात मास्तर, शनिवारी संध्याकाळी गावी यायचे आणि सोमवारी पहाटे परत जायचे. केळीची बाग अक्काच बघत. त्यांचं म्हणणं सरळ होतं. टोकापर्यंत वीज पोचेस्तोवर तिच्यात जीवच राहत नाही, मोटार नुसती घुमते, मग ऑटो लावून घुमवायची काहाले?

केळीचं झाड पाण्याचं भुकेलं असतं. मे महिन्यात आमच्याकडे जो वारा सुटतो तो अंगाला भाजतो. अशा दिवसांत घड भरत असताना पाणी तुटलं तर खोड मध्यातून वाकतं आणि घडाच्या वजनाने बसतं. त्याला पुन्हा उभं करता येत नाही. अक्कांची बाग त्या वर्षी घडावर होती आणि त्याच महिन्यात डीपी जळाली.

मी आणि माझा वायरमन सुपडू तिथे पोचलो तेव्हा डीपीखालच्या निंबाशी सगळे जमले होते आणि गुन्हेगार ठरलेला होता. इंदूअक्का. त्यांची मोटार जुनी, ती जास्त ओढते, तिच्यापायी डीपी गेली असा निकाल लागला होता. आता यात गंमत अशी, की टोकावर व्होल्टेज मेलेलं असलं की मोटार खरोखरच जास्त ओढते. म्हणजे डीपीकडच्या, वरच्या सगळ्यांनी मिळून तिची वीज खायची आणि ती उपाशी धडपडली की तिच्याच नावानं बोटं मोडायची. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हे. अक्का पदर खोचून उभ्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, “माही मोटर जुनी आहे, खरं. पन ती आधी चालू तं होऊ द्या. या महिन्यात ती चालू झालीच नही.”

तरी कोणी माघार घेतली नाही.

माझ्या ऑफिसचा न्याय याहून वेगळा नव्हता. तिथे गुन्हेगार म्हणजे शेतकरी. वरून हुकूम आला की ऑटो बेकायदा आहेत, जप्त करा. मी आणि सुपडू मोटारसायकलवर पोतं घेऊन विहिरीविहिरीवर हिंडलो आणि पोतंभर ऑटो काढून आणले. आठवडाभरात सगळीकडे नवे लागले. फैजपूरच्या इलेक्ट्रिक दुकानदारानं मला रस्त्यात थांबवून चहा पाजला आणि पुढची मोहीम कधी आहे म्हणून आदरानं विचारलं. सुपडू चहा पिताना खाली मान घालून हसत होता. मला हसू आलं नाही.

कारण तोपर्यंत तोताराम आबांशी माझं बोलणं झालं होतं. आबांची विहीर डीपीच्या अगदी जवळ. गावातला वजनदार माणूस, शब्दाला पक्का, दारू-सट्टा काही नाही. मी त्यांना म्हणालो, आबा, तुमच्यासारख्यानं ऑटो काढला तर बाकीचे ऐकतील. ते म्हणाले, “मी काढतो, साहेब. मंग लाइन आली का लोकायच्या बठ्ठ्या मोटारी चालू अन् माही एकट्याची बंद. डीपी तं तरीबी जयन. मले काय भेटलं?”

 माणूस खोटं बोलत नव्हता. त्या डीपीवरचा एकेक माणूस असाच होता, बोलायला बसलं तर शहाणा, समजूतदार, शेजाऱ्याच्या लग्नात रात्रभर राबणारा. आणि सगळे मिळून दर उन्हाळ्यात आपल्याच डोक्यावर धोंडा पाडून घेत होते. यात वाईट माणूस एकही नव्हता, मला राग आला तो याचाच. वाईट माणूस असता तर त्याची गचांडी धरता आली असती.

हे काही केळीवाल्यांचंच नाही. माझी आधीची नेमणूक शिंदखेड्याकडे होती. तिथे एकदा हूल उठली की कापूस खरेदीचं केंद्र बंद होणार. खरेदी नीट चाललेली होती, बंद व्हायचं कारणच नव्हतं. पण ऐकलं त्या प्रत्येकानं रातोरात गाडी जुंपली, गाड्यांची रांग गावाबाहेर गेली, ठेवायला जागा उरली नाही आणि केंद्र खरंच बंद करावं लागलं. मग सगळे एकमेकांना सांगू लागले, बघा, आम्ही म्हणत नव्हतो?

माझं गाव धुळ्याकडचं, पांझरेच्या काठचं. आमच्याकडे नदीवरच्या बंधाऱ्यातून पाटानं पाणी येतं आणि सगळं शिवार फडांत, म्हणजे पाळीने भिजवायच्या पट्ट्यांत, वाटलेलं असतं. शेवटच्या शेतापासून पाणी सोडत यायचं काम पाटकऱ्याचं, शेताच्या मालकानं पाटाला हात लावायचा नाही. माझे वडील गावात मानाचे, तरी एकदा त्यांनी पाळीआधी पाणी मागितलं तेव्हा पाटकऱ्यानं कुदळ खांद्यावरून खाली न घेता सांगितलं होतं, “पाळी शेवटना वावरनी शे. तुमनी उद्या.” वडील मुकाट घरी आले. जेवताना म्हणाले, गडी चांगला आहे. मला लहानपणी वाटे की आमच्या गावची माणसं देवमाणसं आहेत. तसं काही नव्हतं. तीच माणसं एसटीत जागेसाठी खिडकीतून रुमाल टाकत. पाटावर रीत होती आणि एसटीत नव्हती, फरक तेवढाच.

नवीन डीपी यायला पंधरवडा गेला. तोवर सर्वांच्याच बागा मरणाच्या तोंडाशी आल्या होत्या, वरच्यांच्या काय आणि टोकाच्या काय. अक्कांनी डोक्यावरून पाणी नेऊन काही ओळी जगवल्या. डीपी बसवली त्या दिवशी मी लाइन सोडण्याआधी सगळ्यांना निंबाखाली बसवलं आणि फडाची गोष्ट सांगितली. मग माझं म्हणणं मांडलं. ऑटो सगळ्यांनी काढायचे. निम्म्या मोटारी पहिले चार तास, निम्म्या पुढचे चार तास. आणि सुरुवात टोकाकडून. पहिलं बटन इंदूअक्कांचं.

कल्ला झाला. आठ तासांचे चार होणार म्हणून एक ओरडतो, बाईमाणसाच्या मागून आम्ही पाणी घ्यायचं का म्हणून दुसरा. मी आबांना विचारलं, उन्हाळ्यात तुमच्या विहिरीला सलग किती वेळ पाणी पुरतं? आबांनी जरा विचार केला. चार-पाच तासांत तळ दिसतो म्हणाले. मग उरलेला वेळ मोटार काय पिते, असं मी विचारलं. लोक हसले आणि आबाही हसले. म्हणाले, एक दिवस करून पाहू.

दुसऱ्या दिवशी लाइन सकाळी आली. सगळी मंडळी आबांचं ऐकून आपापल्या विहिरीवर बटनापाशी बसली होती, कोणी हलत नव्हतं. मी आणि आबा टोकाला, अक्कांच्या विहिरीवर. अक्कांनी हिरवं बटन दाबलं. जुनी मोटार जरा कुरकुरली आणि मग गेली की सुरात. पाइपातून हवा फुसफुसली, गढूळ पाणी आलं आणि त्यामागून पाइपाचं तोंड भरून धार पडली. त्या विहिरीवर अशी धार अक्कांनी कितीतरी दिवसांत पाहिली नव्हती. पुढच्या बांधावरच्याला केळीमुळे काही दिसेना, म्हणून अक्कांनीच तोंडाला हात लावून हाक दिली, “पडली रे!” त्यानं बटन दाबलं, त्याची धार पडली, त्यानं पुढच्याला हाक दिली. टोकाकडून डीपीकडे ती हाक बांधाबांधाने जात राहिली. आबा धारेत हात धरून उभे होते. मग आपल्या विहिरीकडे चालू लागले.

तीच रीत झाली. लाइन आली की टोकाची हाक ऐकायची, आपल्या मागच्याची धार पडली की आपलं बटन दाबायचं. निम्म्या शिवारात हाक थांबायची आणि चार तासांनी तिथून पुढे जायची. मध्येच लाइन गेली तर जिथं पाळी तुटली तिथून पुन्हा. हे शेवटचं कलम मी आमच्या पाटावरून उचललं होतं. एकदोघांनी चोरून ऑटो लावून पाहिला, पण हाकेआधी ज्याची मोटार वाजे तो सगळ्या शिवाराला ऐकू जाई आणि संध्याकाळी पारावर त्याची अशी चेष्टा होई की दुसऱ्या दिवशी तो स्वतःच डबी काढी. पोलीस नको, जप्ती नको, माझं पोतंही नको. तो उरलेला उन्हाळा आणि पुढचा हिवाळा डीपीला काही झालं नाही. आसपासच्या डीप्या पटापट जळत होत्या. नोकरीत मी खांब उभे केले, लाइनी ओढल्या, पण अभिमान वाटावा असं काम मला विचाराल तर ते हेच, आणि त्यात खात्याचा एक खिळासुद्धा लागला नव्हता.

जळगावच्या मासिक मीटिंगमध्ये वरच्या साहेबांनी विचारलं, तुमच्या सेक्शनमधली ही एक डीपी जळत कशी नाही? मी सगळं सांगितलं. बाकीचे इंजिनियर कान देऊन ऐकत होते, एक-दोघांनी बारकावे विचारले. साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, “म्हणजे या डीपीवर जागा आहे.”

मला क्षणभर अर्थच लागला नाही. अर्थ असा होता की शेजारची डीपी पुन्हा जळाली होती, बदलायला नवी नव्हती, तिकडचे लोक रास्ता रोकोची भाषा करत होते. तेव्हा त्यांच्या मोटारी या सुखरूप डीपीवर जोडून टाका. मी सांगितलं, तिथे जागा नाही, तिथे रीत आहे. या लोकांनी मोटारी पाळीने चालवून ती जागा रिकामी ठेवलेली आहे, ती तुम्ही दुसऱ्याला दिलीत तर यांनी पाळी कशासाठी पाळायची? साहेब म्हणाले, तुम्ही इंजिनियर आहात की गावचे पुढारी? मी पुन्हा एकदा जळगावला जाऊन सांगून पाहिलं. मग लेखी हुकूमच आला. नवे लोक येणारच असतील तर त्यांना आधी रीत शिकवू, दोन आठवडे द्या, एवढं मागितलं. तेही मिळालं नाही.

आजही मी लोकांना सांगतो, जाळणाऱ्याला नवा ट्रान्सफॉर्मर आणि जपणाऱ्याला दुसऱ्याचं ओझं असा हिशेब ज्या खात्यात चालतो तिथे लोक जपत नाहीत, आणि त्यांनी का जपावं? तरी त्याच खात्यातले साहेब परिषदांमध्ये उभे राहून शेतकऱ्याला शिस्त नाही म्हणून गळा काढत. समोर मी बसलेला असे. टाळ्या वाजत, माझे हात मांडीवरच राहत.

नव्या लोकांची काही चूक नव्हती. त्यांना वीज हवी होती, ती मिळाली. ते आपापल्या ऑटोसकट आले. हाक काय असते ते त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. पहिल्या दिवशी लाइन आली आणि नव्यांच्या मोटारी एकदम उठल्या. टोकाला अक्कांनी बटन दाबलं, मोटार घुमली, धार पडली नाही. धार पडली नाही म्हणून हाक गेली नाही, आणि हाक आली नाही म्हणून पुढचे सगळे बटनापाशी बसून राहिले. सुपडू तिथे होता, त्याने मला सांगितलं. आबा विहिरीवर बसून शेजारच्या शेतात पडणारी नव्या लोकांची धार बघत होते. स्वतःचं बटन त्यांनी दाबलं नाही.

आबांनी दुसऱ्या दिवशीही वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी माळ्यावरून ऑटो काढला आणि बसवला. आबांनी बसवला म्हटल्यावर गावाला काय, दुपारपर्यंत सगळ्यांनी बसवले.

पुढच्या मे महिन्यात डीपी जळाली. रिपोर्टात कारण लिहिलं गेलं, शेतकऱ्यांनी बसवलेले बेकायदा ऑटो. सही साहेबांची. मी वेगळं टिपण जोडलं होतं, ते कुठे गेलं कोणास ठाऊक. नवी डीपी येईपर्यंत वारा सुटलेला होता. मी अक्कांच्या बागेत गेलो तेव्हा मास्तर सुटी काढून आले होते आणि दोघं नवराबायको बांधावर बसली होती. खोडं एकाच बाजूला कलून पडली होती, हिरवे घड मातीत. अक्का रडल्या नाहीत. त्यांनी मला पाणी दिलं आणि उन्हाचं कशाला आले म्हणून रागावल्या. त्या दिवशी मला माझ्या खात्याची जेवढी किळस आली तेवढी पुढे कधी आली नाही, आणि आजही आठवली की तितकीच येते.

पावसाळ्याच्या तोंडाला अक्कांनी उरलीसुरली बाग मोडून नवी लावली. त्याच सुमारास एके दिवशी फैजपूरला त्या इलेक्ट्रिकच्या दुकानात मी काही सामान घ्यायला गेलो, तर अक्का काउंटरपाशी उभ्या. समोर तीन कंपन्यांच्या डब्या मांडलेल्या. दुकानदार मला बघून जरा चपापला. अक्का नाही चपापल्या.

“तुमी सांगतलं ते खरंच व्हतं, भाऊ,” त्या म्हणाल्या. “पन ते बठ्ठ्याईनं कराचं काम व्हतं. एकटी मी हाक मारून काय करू?”

  त्यांनी डब्या माझ्याकडे सरकवल्या.

“तुमाले कयते यातलं. लाइन आली का सर्व्यात लवकर मोटर घेनारा कोन्ता, तो काढून द्या.”

पोतं भरभरून मी ते ऑटो विहिरींवरून उतरवले होते. त्या दिवशी मी तिन्ही डब्या एकेक करून दुकानदाराच्या बोर्डावर लावून पाहिल्या आणि सर्वांत लवकर घेणारी अक्कांच्या पिशवीत टाकली.